हॅदरलीची धुतलेली प्रत

पुस्तक बांधणाऱ्यानं पुस्तक वाचायचं नसतं. आमच्या बाबांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात सुई देताना हेच सांगितलं होतं. वाचायला लागलं की हात थांबतो, हात थांबला की सरस वाळतो, आणि सरस वाळला की गिऱ्हाईक बोंबलतं. अक्षरं म्हणजे नुसत्या काळ्या रांगा, त्या सरळ आहेत की तिरक्या एवढंच आपण बघायचं. मी एनिड पर्किस, वय सहासष्ट. ॲशकोममध्ये पन्नास वर्षं पुस्तकं बांधतेय आणि खरं सांगते, त्यातली दहासुद्धा मी वाचलेली नाहीत. लोक हसतात. हसू देत. खाटीक काय प्रत्येक मेंढराला नाव विचारत बसतो?

तरी एक वाक्य मी वाचलं होतं, आणि ते वाचून झाल्यावर जे केलं ते सत्तेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात सांगितलं. सांगायची हौस होती म्हणून नव्हे. गळ्याशी आलं म्हणून.

आमच्या गावाला मिरवायला एकच माणूस आहे, सायमन हॅदरली. तीनशे वर्षांपूर्वीचा विचारवंत. चर्चच्या दाराच्या कमानीवर एक खोली आहे, अरुंद गोल जिन्यानं वर जायचं. तिथे त्याची दोनशे बारा पुस्तकं आणि हस्तलिखितांच्या तीन पेट्या आहेत. तो वारल्यावर त्याच्या पुतणीनं, थॉमसिननं, गवताच्या गाडीत घालून ती चर्चला आणून दिली. नंतर दीडदोनशे वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्या खोलीत झाडू ठेवायचे. आता किल्ली माझ्याकडे असते. महिन्यातून एकदा खिडकी उघडायची, कातडं पुसायचं, उंदरांच्या नावानं शंख करायचा आणि परत यायचं.

खोलीच्या मधोमध काचेच्या पेटीत त्याची स्वतःची प्रत ठेवलेली आहे. ज्या पुस्तकामुळे तो गाजला आणि ज्या पुस्तकापायी त्याच्या नाकी नऊ आले, तेच. माणसाला धाकानं गप्प करता येतं, पण धाकानं त्याला काही पटवता येत नाही, असं त्यानं नवव्या प्रकरणात लिहिलं होतं. राज्य बदललं, बिशपनं बोलावून घेतलं, आणि हॅदरलीनं एका कागदावर सही केली की नववं प्रकरण चुकीचं आहे, मी ते मागे घेतो. तो सहीचा कागद अजून आहे. शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे.

तर ती प्रत. लाल कातडं, कण्यावर सोन्याचे सहा ठसे, आत पानं अशी कोरी करकरीत की जणू काल छापून आली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत बारीक शिक्का: डब्ल्यू. पर्किस, ॲशकोम, १९३१. माझे बाबा. त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम. वर्तमानपत्रात फोटो आला होता, त्याचं कात्रण आमच्या कामाच्या खोलीत चौकटीत लावलंय. बाबा जाईपर्यंत रोज सकाळी त्या चौकटीवरून रुमाल फिरवायचे.

आता ऑड्रीबद्दल. डॉक्टर ऑड्री लेथब्रिज, विद्यापीठात शिकवायची, यंदा निवृत्त झाली. वीस वर्षं दर मंगळवारी अकराच्या बसनं ॲशकोमला यायची. वरच्या खोलीत दोन तास हॅदरलीच्या पेट्या उपसायची आणि बोटं निळी पडली की माझ्याकडे चहाला यायची. बाई हुशार, पण वेंधळी म्हणजे किती वेंधळी! तिच्या आठ छत्र्या माझ्याकडे पडल्यात. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या खळीच्या भांड्यात तिनं चमचा बुडवला, लापशी समजून. तिथून आमची मैत्री जमली ती जमलीच. मला नवरा नाही, तिला होता पण तो बोलायचा नाही. मंगळवार आम्हा दोघींनाही हवा असायचा.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी ती आली ती कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन. छापखान्यातून आलेली तपासणीची पानं. तिचं पुस्तक, वीस वर्षांचं काम.

"शुक्रवारी परत पाठवायचीत," ती म्हणाली, कोटसुद्धा न काढता. "एनिड, झालं गं एकदाचं. मला विश्वासच बसत नाहीये."

"आधी बस, पंडितीणबाई. आणि तो गठ्ठा सरसापासून लांब ठेव."

मी शहाजिऱ्याचा केक कापला. ती खातच नव्हती, पानं उलटत होती. म्हणाली, "तुला एक वाचून दाखवते. शेवटचं प्रकरण. उन्हाळ्यात मला ते पत्र सापडलं होतं ना, त्यावरून सगळं नव्यानं लिहिलं."

"कसलं पत्र?"

"अगं, सांगितलं होतं की. पुतणीचं. थॉमसिनचं."

सांगितलं असेलही. उन्हाळ्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत होते, नुसती हूं हूं करत होते. ऑड्रीनं चष्मा चढवला आणि वाचायला लागली. थॉमसिननं चर्चच्या पाद्रीबाबांना लिहिलं होतं की काकांची पुस्तकं देतेय, पण त्यांच्या स्वतःच्या प्रतीला जीवापाड जपा, कारण तिच्या समासात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, आणि जे बिशपपुढे बोलता आलं नाही तेही तिथेच आहे.

माझ्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

"आता गंमत बघ," ऑड्री म्हणाली. "त्या प्रतीत काय आहे? काही नाही. एकशे शहाण्णव पानं, दोन्ही बाजूंनी तीनशे ब्याण्णव पृष्ठं, एक ठिपका नाही शाईचा. मी भिंग लावून बघितलीय. म्हणजे दोनच गोष्टी. एकतर ही प्रत त्याची नाहीच, किंवा बाई थापा मारत होती. आणि काकांचं नाव राखायला ती थापा का मारेल ते सरळ आहे. काकांनी भर सभेत शेपूट घातली, म्हणून हिनं नंतर गोष्ट रचली की मनातून ते तसे नव्हते हो. मी तसंच लिहिलंय. ऐक." आणि तिनं वाचलं: "'थॉमसिन हॅदरलीचं पत्र हे प्रेमापोटी रचलेलं असत्य आहे. हॅदरलीनं आपलं मत मनापासून बदललं होतं, हेच आता मान्य करावं लागेल.'"

तिनं चष्मा काढला. डोळे ओले होते. "मला वाईट वाटलं गं लिहिताना. वीस वर्षं मी आशा धरून होते की त्यानं कुठेतरी, एका ओळीत तरी... पण पुरावा नाही तर नाही."

मी म्हटलं, "चहा निवतोय."

बस्स. एवढंच बोलले मी. ती साडेतीनच्या बसनं गेली, छत्री विसरून, आणि मी मूग गिळून दारात उभी राहिले.

आता १९३१ सालचं सांगते, म्हणजे कळेल.

हॅदरलीला जाऊन अडीचशे वर्षं होणार होती. गावानं एक समिती केली, एक निवृत्त कर्नल तिचा अध्यक्ष. त्यानं ती प्रत आणून बाबांच्या टेबलावर आपटली. पुठ्ठा मोडलेला, दोरा सुटलेला, आणि पानोपानी समासात तपकिरी शाईचं बारीक लिखाण. कर्नल म्हणाला, "कुण्या कार्ट्यांनी गिरगटून ठेवलंय बघा. समारंभाला मोठे लोक यायचेत, स्वच्छ करून द्या." तेव्हा तसंच होतं. कोरं पुस्तक म्हणजे चांगलं पुस्तक, समासातलं लिखाण म्हणजे मळ. चांगला बांधणारा कोण, तर ज्याला मळ काढता येतो तो. छापलेली शाई तेलाची असते, ती पाण्यात हलत नाही. हातानं लिहिलेली शाई लोखंडाची, ती ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात बघता बघता विरघळते. मग साध्या पाण्यात दोनदा खळबळायचं, पातळ सरसाचा हात द्यायचा, दोरीवर कपडे वाळत घालतात तसं पान टाकायचं, आणि शिकंज्यात दाबून ठेवायचं. कागद नव्यासारखा कडक होतो. विद्वानांना अक्षर कळतं, कागद कळत नाही, म्हणून ऑड्रीला वीस वर्षांत कळलं नाही. मला तर बोट लावलं की कळतं.

बाबा पुढच्या खोलीत सोन्याचे ठसे तापवत असायचे, धुण्याचं काम माझ्याकडे. एकोणीस वर्षांची होते मी. चिनी मातीचा मोठा ट्रे, लाकडी चिमटा, बाहेर मे महिन्याचं ऊन. दिवसाला पंचवीस पानं. मी वाचत नव्हते, शपथेवर सांगते. लिखाण तपकिरीचं पिवळं व्हायचं, पिवळ्याचं काही नाही व्हायचं, आणि मला त्याची मजा वाटायची. हो, मजा वाटायची. तेही सांगून टाकते.

नवव्या प्रकरणाचं पहिलं पान मात्र हटेना. त्याच्या तळाशी दोन ओळी होत्या, बाकीच्यापेक्षा मोठ्या, टाक दाबून लिहिलेल्या. दोनदा आंघोळ घातली तरी तशाच. पाण्याखाली पान आणि वर मी, अर्धा तास. नजर जाणार नाही तर काय होईल? वाचलं. खाली 'सा. हॅ.' अशी अक्षरं होती.

ते पान तसंच ओलं चिमट्यात धरून मी बाबांकडे गेले. "बाबा, ही कार्ट्यांची गिरगट नाहीये. हे त्यांचं स्वतःचं आहे."

बाबांनी पान बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी आधी कधी बघितला नव्हता. मग हळूच म्हणाले, "किती झाली धुवून?"

"एकशे सत्तर."

"एकशे सत्तर गेली. हे एक ठेवलंस तर जो तो विचारेल, बाकीच्यांचं काय केलंत? कर्नल हात वर करेल. दुकान आपलं जाईल, एनिड. जा, टाक परत."

"पण बाबा..."

"आपण वाचत नाही," बाबा म्हणाले.

मी गेले आणि तिसऱ्यांदा पान बुडवलं. या खेपेला पावडर दुप्पट घातली. चिमटा माझ्याच हातात होता. कुणी माझा हात धरून ठेवला नव्हता. बघता बघता त्या दोन ओळी गेल्या, आणि नंतर उरलेली पंचवीस पानंसुद्धा मी धुतली, सगळं समजून उमजून.

तर हे असं. ऑड्री पहिल्यांदा आली तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा बाबा होते, खुर्चीत बसून कात्रणाकडे बघणारे. म्हटलं, ते गेल्यावर सांगू. ते गेले, तोवर ऑड्री मैत्रीण झाली होती, आणि मैत्रिणीला कसं सांगायचं की तू जे शोधतेयस ते मी मोरीत ओतलं? दर मंगळवारी ठरवायची आणि दर मंगळवारी केक कापायची. शिवाय मनाची समजूत होतीच, की बाई काही खोटं तर लिहीत नाहीये, नुसतं तिला सापडत नाहीये. पण आता ती खोटं लिहीत होती. माझ्यामुळे. एक बिचारी बाई, जिनं आयुष्यभर काकाचं घर सांभाळलं, त्याची पुस्तकं गवताखाली झाकून आणली, तिला आता छापील पुस्तकात थापाडी म्हणणार होते, आणि ती थापाडी नव्हती हे सबंध जगात एकट्या मला माहीत होतं.

बुधवारी मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. स्वतःशी भांडले. तिला आता सांगून काय मिळणार, पानं काय परत येणार? पुस्तक मात्र तिचं बुडेल, मैत्री बुडेल, बाबांचं नाव मातीत जाईल. न सांगितलं तर कुणाचंच काही जात नाही, मेलेल्या एका बाईचं सोडून. असं म्हटलं, आणि माझी मलाच किळस आली. संध्याकाळी फोन केला.

"ऑड्री, उद्या ये. आणि ती पानं छापखान्यात पाठवू नकोस."

"का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. नीच आहे. ये."

गुरुवारी सकाळी ती पहिल्या बसनं आली, तपासणीची पानं पिशवीत घेऊन. मी तिला कोटसुद्धा काढू दिला नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कर्नल, ट्रे, पावडर, तिसरी आंघोळ. आणि ते वाक्यही.

"'हे खरं आहे. सही केली ती भीतीपोटी.' आणि खाली सा. हॅ."

ऑड्रीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "वीस वर्षं तू मला केक खाऊ घातलास."

"हो."

"मी तुझ्यासमोर रडलेय एनिड. इथे, या स्टुलावर बसून. एक ओळ मिळावी म्हणून. आणि तू, तू मला रुमाल देत होतीस!"

"हो."

"हो हो काय करतेस नंदीबैलासारखी! काहीतरी बोल ना!"

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. माझ्या मनात आलं, आता ही छत्र्या मागेल, सगळ्या आठ, आणि जाईल.

तिनं छत्र्या मागितल्या नाहीत. वळली तेव्हा चेहरा निराळाच होता, परीक्षेला बसल्यासारखा. "तो पोस्टाच्या जुन्या तिकिटांचा दुकानदार आहे ना तुमच्या गावात, ट्रीग? त्याच्याकडे तो जांभळा दिवा असेल. तिकिटं खरी की खोटी बघायचा."

"असेल. त्याचं इथे काय?"

"पुसलेली शाई त्यात दिसते. कधी कधी. कागदात लोखंड उरतं. जा, मागून आण. नाही म्हणाला तर त्याला सांग, माझी सगळी तिकिटं त्याला देईन."

ट्रीग काही नाही म्हणाला नाही. आम्ही दोघी तो गोल जिना चढलो, खिडकीवर माझा जाड काळा कपडा ठोकला, काचेची पेटी उघडली आणि ऑड्रीनं दिवा पेटवला. बाबांचं लाल कातडं त्या उजेडात काळं दिसायला लागलं.

पहिलं पान उघडलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. कागद निळसर चमकत होता आणि समासात सगळीकडे फिकट करड्या रेघा होत्या, ओळींवर ओळी. सगळं तिथेच होतं. मी जे घालवलं म्हणून सत्तेचाळीस वर्षं मनातून जळत होते, ते कागदाच्या पोटात जाऊन बसलं होतं.

ऑड्री भिंग घेऊन वाकली. तिला त्याचं अक्षर नवऱ्याच्या अक्षरापेक्षा ओळखीचं. "त्याचंच आहे," ती पुटपुटली. "त्याचीच शेपटीवाली अक्षरं. थॉमसिन खरं बोलत होती." बरंचसं वाचता येत नव्हतं, चारातला एखादा शब्द लागे. एके ठिकाणी मात्र पूर्ण ओळ निघाली. ऑड्रीनं ती मोठ्यानं वाचली: "'थॉमसिनला विचारणे, दुसरा चष्मा कुठे ठेवला.'"

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं. हसता हसता ती रडली, मी पण रडले. एवढा मोठा विचारवंत, आणि चष्मा सापडत नाही!

"नववं प्रकरण," ऑड्री म्हणाली. "तू काढ. तुला ठाऊक आहे कुठे आहे."

मी काढलं. दिवा जवळ नेला. ऑड्री वाकली, मी वाकले.

काही नव्हतं.

दिवा कलता धरला, उभा धरला, पानाच्या मागून धरला. करडी रेघ नाही, ठिपका नाही. एकशे शहाण्णव पानांत तेवढं एकच पान खरोखर कोरं होतं. तीन आंघोळी, आणि शेवटची दुप्पट पावडरीची. काम मी चोख केलं होतं. बाबा असते तर शाबासकी दिली असती.

मी खाली जमिनीवरच बसले. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. बाकीची सगळी पानं जगली, चष्म्याचीसुद्धा ओळ जगली, आणि जी एक ओळ हवी होती ती मी मारली होती. मारायची म्हणून मारली होती.

ऑड्रीनं दिवा बंद केला, खिडकीवरचा कपडा ओढून काढला. उजेडात ती एकदम म्हातारी दिसत होती. माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

"थॉमसिनबद्दलचं मी काढून टाकते," ती म्हणाली. "प्रत त्याची आहे, समासात लिहिलेलं आहे, तेवढं आता दाखवता येईल. पण ते वाक्य... एनिड, नीट विचार करून सांग. तेच शब्द होते?"

तेव्हा खरी पंचाईत झाली. इतकी वर्षं ते वाक्य मनात घोळवलं होतं, भांडी घासताना, कातडं तासताना, बाबांच्या उशाशी बसून. इतकं घोळवलं की आता त्यातलं त्याचं किती आणि माझं किती, कोण सांगणार? भीतीपोटी तर मीही गप्प बसले होते. मीच तर ते त्याच्या तोंडी घातलं नसेल ना? ऑड्रीला जे ऐकायचं होतं नेमकं तेच मी सांगत होते, तेही तिला दुखावल्यावर. मी माझ्यावर विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला.

"'हे खरं आहे' याबद्दल शंका नाही," मी म्हटलं. "'भीती' हा शब्द होता, तोही पक्का. 'सही' होता. मधले बारीकसारीक शब्द इकडे तिकडे झाले असतील. आणि ऑड्री, मी हे तुला बरं वाटावं म्हणून सांगतेय असं तुला वाटलं, तर ते तुझं चुकणार नाही."

"मला तसं वाटलंच," ती म्हणाली. "सकाळी तू सांगितलंस तेव्हा पहिला विचार तोच आला."

"मग?"

"मग काय. हॅदरलीनंच लिहिलंय, साक्षीदार पारखायचा कसा ते. त्यानं पाहिलं का, हे विचारा. विसरला असेल का, हे विचारा. आणि शेवटी हे बघा, की बोलून त्याचं काही भलं होतंय का नुकसान. नुकसान सोसून बोलणाऱ्याला चार माणसांइतकं धरा, म्हणतो." तिनं चष्मा काढला. "तुझं काय होईल याचा विचार केलायस? छापलं की छापलं. बांधणारे वाचतील, ग्रंथालयवाले वाचतील. त्या कात्रणाखाली लोक येऊन उभे राहतील आणि वेगळंच बोलतील. काम कोण देईल तुला?"

"कोणी नाही देणार."

"वाक्य सोडून देता येईल मला. थॉमसिन तशीही सुटतेय."

माझ्या मनात मोह झाला नाही असं नाही. थॉमसिन सुटली, ऑड्री परत बोलायला लागली, आता आणखी काय हवं होतं? पण तिच्या मूळ पुस्तकात लिहिलं होतं की हॅदरलीनं मनापासून मत बदललं. ते तसंच राहिलं असतं. त्याला एक साक्षीदार होता, आणि तो जमिनीवर बसून गुडघे चोळत होता.

"कागद दे," मी म्हटलं.

तिनं पिशवीतल्या तपासणीच्या पानांतलं एक उलटं करून दिलं, खाली त्याच कोऱ्या पानांचं पुस्तक ठेवलं आधाराला, आणि पेन दिलं. मी लिहायला लागले. मला लिहायची सवय कुठे, वेड्यावाकड्या ओळी. १९३१ च्या मे महिन्यात, ॲशकोम इथे, आमच्या दुकानात, सायमन हॅदरलीच्या प्रतीचं अमुक पान. त्यावर तळाशी हे शब्द होते, माझ्या आठवणीप्रमाणे. ते मी वाचले. कुणाचे आहेत ते मला कळलं होतं. त्यानंतर मी ते धुतले.

ऑड्री खांद्यावरून वाचत होती. "'वडिलांच्या सांगण्यावरून' एवढं तरी घाल," ती हळूच म्हणाली. "तू एकोणीस वर्षांची होतीस. आणि ते खरंही आहे."

खरं तर होतं. मी तसं लिहिलंसुद्धा. मग ते शब्द माझ्याकडे बघत राहिले आणि मला बाबांचा तो उतरलेला चेहरा आठवला. त्यांनी फक्त सांगितलं होतं. मी ते दोन शब्द खोडले.

सहीची जागा उरली. पेन टेकवलं आणि हात असा लटलटायला लागला की निब कागदात रुतलं. इतकी वर्षं हाताला कंप म्हणून नाही, सुईत दोरा एका फटक्यात ओवणारी मी.

"भीती वाटतेय?" ऑड्रीनं विचारलं.

"खूप," मी म्हटलं, आणि सही केली.